शाडूचं घमेलं

शालन, अक्का रुसून लोणीला गेली. तुझ्यामुळे गेली.

जिवंतपणी तुम्हा नणंद-भावजयांचं एकदाही वाजलं नाही. मला त्याचाच राग यायचा, कारण दोघी मिळून माझ्यावर यायचात. आता तू नाहीस, तर तुझ्यावरून माझी सख्खी बहीण माझ्याशी बोलत नाही. दहाव्याला आली, बोलली नाही. तेराव्याला आली, खीर मागून घेतली, तरी बोलली नाही. निघताना सतीशला म्हणाली, "तुज्या बापाला सांग, म्या चालले." मी समोरच उभा होतो.

मला धड लिहायला येत नाही हे तुला माहीत आहे. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे आयुष्यभर वाचलं काय, तर दुकानांच्या पाट्या आणि बिल्डिंगांची नावं. पण तू होतीस तेव्हा मी एक वाक्य बोलायचो आणि बाकीचं सगळं तू. आता तुझ्या वाटचंही मलाच बोलावं लागतं. मोठ्याने बोललो की शेजारचे डोकावतात. म्हणून कागद घेतला.

भांडण कशावरून झालं ते ऐक. राख सावडून आणली, सतीशने गडू अंगणातल्या पेरूच्या फांदीला बांधला. अस्थी घरात न्यायच्या नसतात म्हणून. उद्या लवकर उठून आळंदीला जायचं, असं अक्काचं आणि सतीशचं ठरलं होतं. गाडीही सांगून झाली होती. मी म्हटलं, "आळंदीला नाही. बादलीत."

कोणाला काही कळेना. सतीशने माझ्या कपाळाला हात लावून बघितला.

"कंची बादली?" अक्का म्हणाली.

"न्हाणीतली. निळी."

"आरं, बादलीत बुडवाया ती काय धुणं हाय का?"

"तिनंच सांगितलंय तसं."

"आन तू कवापासनं तिचं ऐकाया लागलास?"

रिक्षा चालवताना पॅसेंजर, पोलीस, सगळ्यांना जागच्या जागी उत्तरं दिली. अक्कापुढे कधी जमलं नाही. सतीश म्हणाला, "बाबा, आई गमतीत म्हणाली असेल." मी म्हटलं, "तुझी आई गंमत फक्त माझी करायची. बाकी सगळं ती खरंच बोलायची."

पण त्याचंही बरोबर आहे. त्याला काय माहीत. त्या वर्षी तो तिकडे चाकणला, आपण इथे कात्रजला, मधे सगळे रस्ते बंद. तर पहिल्यापासून लिहितो. तुला पाठ आहे, पण सतीश वाचेल, आणि त्याने वाचून दाखवलं तर अक्काही ऐकेल.

लॉकडाऊनचं वर्ष. पाडव्याला तू गुढी उभारलीस आणि गल्लीत बघायला काळं कुत्रं नव्हतं. खानावळीतली पोरं मिळेल त्या गाडीने गावाला पळाली आणि तुझ्या पोळ्या थांबल्या. माझी रिक्षा अंगणात ताडपत्रीखाली. लग्न झाल्यापासून आपण दोघं दिवसाढवळ्या एका घरात बसलोय असं कधी झालंच नव्हतं. पहिल्या आठवड्यातच कळलं, की बसून काय बोलायचं असतं ते आपल्याला माहीतच नाही. तू घासलेली भांडी पुन्हा घासायचीस. मी पुसलेली रिक्षा पुन्हा पुसायचो.

मग एका पहाटे तू मला गदागदा हलवलंस.

"अहो, उठा. वाघ."

"कुठे?"

"ऐका तर."

ऐकलं. खरंच वाघ. लांबून येत होता, पण पोटातून काढलेला तो आवाज दुसऱ्या कशाचा नसतो. तू पदर गच्च धरून बसली होतीस.

"सुटला की काय हो?"

"वाघ नाही सुटला. हायवे बंद पडलाय."

प्राणीसंग्रहालय आपल्या घरापासून चालत जाण्यासारखं. तो वाघ, त्याच्या आधीचा वाघ, पहाटे ओरडतच असणार. पण घाट उतरणारे ट्रक, डेपोतून निघणाऱ्या बस, दुधाच्या गाड्या, यातून काय ऐकू येणार? इथल्या घरातून वाघ ऐकू येतो असं मला कोणी पॅसेंजरने सांगितलं असतं, तर मी त्याला रिक्षातून खाली उतरवलं असतं.

त्या दिवसापासून आपण पहाटे पायरीवर बसायला लागलो. चहा घ्यायचा आणि वाघाची वाट बघायची. घाटाच्या डोंगरावर एवढी झाडं आहेत हे मला तेव्हा दिसलं, आधी नुसता धुरकट उंचवटा दिसायचा. एक मोर डोंगर उतरून थेट मागच्या भिंतीवर येऊन बसायला लागला, घर त्याच्या नावावर असल्यासारखा. भारद्वाज यायचा, त्याचे लाल डोळे बघून तू म्हणायचीस, रात्रपाळी करून आलाय. बाहेर रोज कोणाचं ना कोणाचं काहीतरी वाईट कानावर यायचं, आणि आपल्या अंगणात असा बाजार भरलेला. खोटं कशाला बोलू, मला बरं वाटायचं. तुलाही.

वाद तिथेच सुरू झाला.

"परत आले बघा सगळे," तू म्हणालीस.

"गेले कुठे होते परत यायला? इथेच होते. आपल्या गोंगाटात कळत नव्हतं."

"मोर काय पिंजऱ्यात होता? माणसं आत गेली, त्याला जागा झाली, तो आला."

"वाघ कुठून आला मग?"

"वाघाचं वाघापाशी. मी मोराचं बोलतेय."

आमटीत मीठ कमी पडलं तरी त्यातून हा वाद निघायचा. तुझं एकच, परत आले. माझं एकच, इथेच होते. त्याचा निकाल लागलेला नाही हे आधीच सांगून ठेवतो. तू गेलीस म्हणजे मी जिंकलो असं होत नाही.

मग बाळू गेला. तुझा पाठचा भाऊ, हडपसरचा. पोरासारखं वाढवलं होतंस त्याला. आपण इथे कोंडलेले, तो दवाखान्यात, आणि तिथून परस्परच नेलं. तोंड बघायला मिळालं नाही. राख कोणी आणली, कुठे सोडली, काहीच समजलं नाही. त्या दिवसांत कोणाचंच समजत नव्हतं, कोणाला विचारणार?

तू रडली नाहीस. पायरीवर यायची मात्र बंद झालीस. वाघ ओरडायचा आणि तू भिंतीकडे तोंड करून पडलेली असायचीस. मी आत येऊन म्हणायचो, "अगं, ओरडला."

"ओरडू दे."

एवढंच. तुझी बडबड बंद झाली की घर कसं होतं ते मला तेव्हा पहिल्यांदा कळलं. आता दुसऱ्यांदा कळतंय.

गणपती जवळ आले. मी म्हटलं, यंदा राहू दे. तू पडल्या पडल्याच म्हणालीस, "आणा. घरात कोणीतरी येऊ दे." मग मी शाडूची छोटी मूर्ती आणली, हातात मावणारी. गुलाबी शेला, पिवळं पितांबर. आरती आपण दोघांनीच म्हटली. तुझा आवाज निघाला नाही. माझा निघायला नको होता.

दीड दिवसाने विसर्जन. नदीच्या घाटावर जायला बंदी, म्हणून न्हाणीतल्या निळ्या बादलीत. मूर्ती पाण्यात धरलीस आणि तुझे हात तिथेच थांबले.

"नाकातोंडात पाणी जाईल हो."

"देवाच्या?"

तू माझ्याकडे रागाने बघितलंस, मग हळूच हात काढून घेतलेस. सकाळी बघतो तर मूर्ती विरघळलेली, तळाशी नुसता गाळ, वर गुलाबी तवंग.

त्या गाळाचं काय करायचं हे आपल्याला कोणी शिकवलं होतं? इतकी वर्षं घाटावर जायचं, सोडायचं, मागे न बघता घरी यायचं. तू तो सगळा गाळ घमेल्यातल्या तगरीला घातलास. जुनं गवंड्याचं घमेलं, त्यात तू तगर लावली होतीस, चांगली फुलायची. मी म्हणालो होतो, शाडू आहे तो, वाळला की फरशीसारखा होईल. तू म्हणालीस, देवाची माती आहे, झाड बहरेल.

तगरीने माना टाकल्या आणि ती गेली. मुळांवर फरशी घातल्यावर काय होणार?

तू घमेल्यापाशी उकिडवी बसलीस आणि म्हणालीस, "देवाच्या मातीतसुद्धा झाड जगेना. मग राहिलं काय?"

शालन, मी आयुष्यात घाबरलो तो त्या वेळी. रोगाला नाही घाबरलो. तुझ्या त्या बोलण्याला घाबरलो. तुझ्यासारखी बाई असं म्हणायला लागली म्हणजे संपलंच. मी उठलो. तगर उपटली आणि घमेलं अंगणातल्या नळाखाली सरकवलं, माती भिजून सुटेल, घमेलं तरी मोकळं होईल म्हणून. तो नळ गळायचा. दुरुस्त करा म्हणून तू वर्षभर माझं डोकं खाल्लं होतंस. नाही केला ते किती बरं झालं.

कारण मग ती आली. काळी, कंबर दोऱ्याएवढी, पाय पिवळे. गावाकडे आम्ही तिला कुंभारीण म्हणायचो. माशीच, पण मातीची घरं बांधणारी. नळाखालच्या ओल्या शाडूवर उतरली, गुणगुणत गुणगुणत एक गोळी वळली, तोंडात धरली आणि गेली. परत आली. परत गेली. कुठे जाते म्हणून मी मागे गेलो, तर ताडपत्रीच्या फटीतून रिक्षात. मीटरच्या बगलेला तिचं घर चाललं होतं. आणि त्या घरावर गुलाबी रेघा.

मी तुला हाक मारली. तू यायला तयार नव्हतीस. मी म्हटलं, "अगं, गणपती रिक्षात बसलाय, येऊन बघ." तेव्हा आलीस. ताडपत्रीखाली वाकलीस, चष्मा वर-खाली केलास.

"अहो, हा तर शेल्याचा रंग."

"मग काय म्हणतोय मी?"

तू रिक्षाच्या मागच्या सीटवर बसून राहिलीस. ती आत यायची, बाहेर जायची, आपल्याकडे ढुंकून बघायची नाही. तू रडलीस तेव्हा. बाळूसाठी पहिल्यांदा रडलीस, माझ्या रिक्षात बसून. मी पुढच्या सीटवर बसलो, हँडल धरून. कुठे जायचं ते न विचारता.

संध्याकाळी तू जेवलीस. मग रोजचा उद्योगच झाला तुझा. ती कोळी पकडून आणायची, एकेका खोलीत कोंबायची, अंडं घालायची, वरून मातीचं झाकण.

"डबे भरतेय बघा," तू म्हणालीस. "पोरांची सोय करून ठेवतेय. स्वतः जेवते की नाही कोण जाणे."

"तुझ्यासारखीच आहे."

तू खूश झालीस. मी टोमणा मारला होता. आता विचार केला तर टोमणा नव्हता बहुतेक.

रिक्षा बाहेर काढायची वेळ आली तेव्हा तू दारात आडवी उभी. "पिल्लं निघेपर्यंत रिक्षा हलवायची नाही."

"मग खायचं काय?"

"बरं, न्या. पण खड्डे चुकवा."

पुण्यात खड्डे चुकवा! तरी मी चुकवले. धनकवडीच्या एका पेन्शनर गृहस्थांनी मीटरकडे बोट करून विचारलं, "हे काय लावलंय?" मी म्हटलं, "गणपतीची माती आहे, हात लावू नका." त्यांनी मास्क खाली करून नीट बघितलं. म्हणाले, "ठेवा. मीटरपेक्षा यावर विश्वास बसेल." घरी येऊन तुला सांगितलं तर तू इतकी हसलीस की ठसका लागला. त्या दिवसांत खोकल्याने शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. घेतल्या लावून.

काही दिवसांनी त्या खोल्यांना भोकं पडलेली दिसली. निघून गेली होती सगळी. तू भोकावर बोट फिरवलंस. आपण पायरीवर येऊन बसलो आणि तू म्हणालीस, "अहो, माझं असंच करा."

"कसं?"

"बादलीत. मग त्या घमेल्यात. नदीत नको मला, तिथून जाताना आपण नाक दाबतो. आणि बाळूचं कुठे काय झालं ते कळलं नाही. मी कुठे आहे ते तुम्हाला कळलं पाहिजे."

"तू काय गणपती आहेस?"

तू हसलीस आणि विषय तिथेच राहिला. मी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. त्यानंतर घाट उघडले तरी आपण विसर्जन बादलीतच केलं, गाळ त्याच घमेल्यात. दर वेळी मूर्ती सोडताना तू माझ्याकडे बघायचीस आणि मी बादलीकडे. मी आधी जाणार असं मी धरून चाललो होतो. सगळे नवरे धरून चालतात. म्हणून उत्तराची घाई वाटली नाही.

हायवे सुरू झाला, ट्रक आले, डंपर आले. मोर भिंतीवर यायचा थांबला. पहाटे कान देऊन बसलो तरी वाघ ऐकू येईना. तू म्हणालीस, "गेलं हो सगळं."

"गेलं नाही. ऐकू येत नाही."

"एकच ते."

"एकच कसं? तो तिथे ओरडतोय. मधे ट्रक आहे."

"तुमचं आपलं काहीतरी."

धीर द्यायचा म्हणून म्हणत नव्हतो मी ते. वाद जिंकायचा होता. पण उन्हाळा आला की कुंभारीण घमेल्यावर यायची, कधी खिडकीच्या चौकटीला बांधायची, कधी माझ्या जुन्या चपलेत, आणि तू मला हाक मारून दाखवायचीस, "ही बघा, परत आली." मी म्हणायचो, "इथेच होती." मग दोघांचाही दिवस चांगला जायचा. सांगायचं तर, म्हातारपण आपलं मजेत गेलं, शालन. त्या रोगराईच्या वर्षाने आपल्याला बसायला शिकवलं. नाहीतर तू पोळ्या लाटत गेली असतीस आणि मी क्लच दाबत.

तर, केलं मी तसं. अक्का, सतीश, दोघांच्या समोर, सकाळी. अस्थी पेरूच्या मुळाशी पुरल्या, त्या विरघळत नाहीत एवढं मला कळतं. राख बादलीत. सतीशने पाणी भरलं, मी ओतलं. ओतता ओतता मला ते 'नाकातोंडात पाणी जाईल हो' आठवलं आणि हसू फुटलं. माझे खांदे हलताना बघून सतीशला वाटलं मी रडतोय, म्हणून तो रडायला लागला. त्याला बघून मग मीही. अक्का दाराकडे तोंड करून, आमच्याकडे पाठ करून उभी. शेवटी तिने मागे न बघताच एक फूल फेकलं. ते बादलीबाहेर पडलं. मी उचलून आत टाकलं. तिला सांगितलं नाही.

ते पाणी घमेल्यात ओतलं, जुन्या शाडूत कालवलं, घमेलं नळाखाली ठेवलं. सतीश गुणाचा आहे. त्याने दुसऱ्याच दिवशी प्लंबर बोलावून नळ पक्का करून घेतला, बाबांना त्रास नको म्हणून. तो कामावर गेल्यावर मी पाना घेऊन तो पुन्हा सैल केला.

आणि बसलो. रोज पहाटे पायरीवर चहा, समोर घमेलं. थेंब पडतायत, ट्रक चाललेत. कोणी येईना. ऊन तापायला लागलं तरी नाही. एकदा मनात आलं, चुकलं का आपलं? आळंदीला नेलं असतं तर निदान चारचौघांसारखं झालं असतं. तू सांगितलं होतंस, मी कुठे आहे ते कळलं पाहिजे. मला कळत नव्हतं.

परवा अक्काचा फोन आला. मी माशीची वाट बघतोय हे सतीशने तिला सांगितलं होतं.

"काय रं, आली का ती माशी?"

"तू रुसलीयेस ना?"

"रुसलेच हाय. आली का ते सांग."

"नाही."

"यील. तू सारखा त्या घमेल्यावर वाकून ऱ्हाऊ नगंस. माशी काय, मानूसबी यायचं न्हाई."

म्हणून काल जरा मागे सरकून बसलो. आणि काल आली. तीच कंबर, तेच पिवळे पाय. घमेल्याच्या काठाला चालली, एक जागा पसंत केली, गुणगुणत गोळी वळली. करड्या रंगाची, तुझी राख आणि शाडू. पेरूवरून, खिडकीवरून वर गेली आणि पत्र्याआड दिसेनाशी झाली. परत आली, परत नेली. दुपारपर्यंत तिचं चाललं होतं आणि मी गार झालेला चहा हातात धरून होतो.

रिक्षा विकून टाकली, त्यामुळे मीटर नाही. मग घर कुठे बांधतेय? मी खिडकीची चौकट बघितली, पोळपाट टांगायचा खिळा बघितला, चपला उलट्या करून बघितल्या. सतीश शिडी धरून, "बाबा, पडाल, उतरा," आणि मी पत्र्याखाली बॅटरी मारतोय. अक्काला फोन करून सांगितलं. ती म्हणाली, "गावली की मला बघाया बोलीव." म्हणजे रुसवा संपला.

आता तू म्हणशील, परत आले म्हणा एकदाचं. नाही म्हणणार. मी माझं म्हणणं सोडलेलं नाही. कुठे गेली होतीस परत यायला?

घर अजून सापडलेलं नाही. पण इथेच आहे.